भिंतीवरचे चार कागद

पोस्टडॉक म्हणजे काय, हे मी अकोल्यात सांगायचं सोडून दिलं आहे. शिक्षण संपलं की नोकरी, असं घरोघरी सरळ गणित आहे. पीएचडी झाल्यावरही करारावर राहायचं, अमरावतीला विद्यापीठाच्या मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उंदीर पोहायला लावायचे आणि करार संपत आला की पुन्हा अर्ज करायचे, हे त्या गणितात कुठेच बसत नाही. माझी मावशी दर भेटीत एकच विचारते, "मंग तू पर्मनंट कदी होशीन?" तिला उत्तर दिलं तर ती वाईट वाटून घेते आणि नाही दिलं तर मला वाईट वाटतं. म्हणून मी चहा करायला उठते.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझा करार संपायला जेमतेम पाच महिने उरले होते. मुदतवाढ हवी असेल तर एक चांगला शोधनिबंध बाहेर पडायला हवा, हे आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या प्रकल्पावर मी काम करत होते त्यांनी, स्पष्ट सांगितलं होतं. शोधनिबंध ज्यावर उभा राहणार होता ते होते चोवीस म्हातारे उंदीर. उंदीर दीड वर्षाचा झाला की म्हातारा धरतात. विकत मिळतात ते तरुण. म्हातारे हवे असतील तर ठेवून घ्यायचे आणि वाट बघायची. मी दीड वर्ष वाट बघितली होती. अमरावतीच्या उन्हाळ्यात वीज गेली की प्राण्यांच्या खोलीत ओल्या गोणपाटाचे पडदे लावत बसले होते. एवढं करून प्रश्न साधा होता. म्हातारपणी रोज चाकात पळवलं तर उंदराची आठवण टिकते का? बारांना तीन महिने पळवलं, बारांना नाही.

आठवण तपासायची पद्धत अशी. पाच फूट रुंद गोल टाकी, तिच्यात दुधाची पावडर घालून पांढरं केलेलं पाणी. पाण्याखाली एका जागी छोटा चौथरा, वरून न दिसणारा. उंदराला पोहायला आवडत नाही, तो चौथरा शोधतो आणि त्यावर चढून बसतो. पाच दिवस सराव झाला की तो कुठूनही सोडला तरी थेट तिकडे जातो. मग दोन दिवस सुट्टी द्यायची आणि तिसऱ्या दिवशी चौथरा काढून घेऊन एकदाच, फक्त एक मिनिट, पोहायला सोडायचं. जागा आठवत असेल तर उंदीर तिथेच घिरट्या घालतो. ही परीक्षा एकदाच घेता येते. चौथरा नाही हे एकदा कळलं की त्याचा विश्वास उडतो.

आता उंदराला जागा कळते कशावरून? भिंतीवरून. टाकीच्या चारी बाजूंना मी चार कार्डशीट चिकटवले होते: काळा त्रिकोण, गोल, फुली आणि पट्टे. बाकी खोली कोरी, खिडकीलाही आतून पांढरा कागद. ते चार कागद म्हणजे त्या खोलीतले रस्ते होते.

दोन दिवसांची सुट्टी मी मुद्दाम खंडेनवमी आणि दसऱ्यावर आणली होती आणि या हुशारीचा मला अभिमानही वाटला होता. खंडेनवमीला आमच्या विभागात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी मी तिथे नसते. वाद घालत नाही, निषेध करत नाही, नुसती नसते. दसऱ्याला आमच्याकडे पांढऱ्या साड्या निघतात, विहारात वंदना असते, आणि मला तेव्हा अकोल्यात असायचं असतं. विभागात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी विचारत नाही. न विचारण्यात किती भाग समजूतदारपणाचा आणि किती भाग 'बरं झालं गेली'चा, याचा मी कधी शोध घेतला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्यात मोठा मेळावा असतो. त्यासाठी आई थांब म्हणत होती. "एक दिवस उंदरं थांबनार नाई का?" मी म्हटलं, नाही थांबणार. पहाटेच्या गाडीनं अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरले आणि नऊच्या आत प्रयोगशाळेत पोचले.

दारावर झेंडूचं तोरण होतं. टाकीवरच्या कॅमेऱ्याच्या संगणकाला हार घातला होता आणि कीबोर्डवर हळदीकुंकू सांडलं होतं. माझं डोकं तिथेच फिरलं. ओल्या कापसानं एकेक बटण पुसत बसले, अर्धा तास गेला. मनातल्या मनात सगळ्या विभागाला शिव्या घालत पाणी तयार केलं, चौथरा काढून घेतला आणि पहिला उंदीर सोडला.

तो कडेकडेनं गोल फिरत राहिला. म्हातारा आहे, म्हटलं. दुसराही तसाच. तिसरा मध्येच थांबून नुसता तरंगत मान वर करून बघत होता. पाचवा-सहावा झाला तरी तेच. पळालेले आणि न पळालेले, सगळेच सारखे हरवलेले. मी संगणकाच्या पडद्यावर उंदरांच्या पोहण्याच्या वेड्यावाकड्या रेघा बघत होते आणि सरांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. व्यायामाचा उपयोग दिसत नाही. दीड वर्षाचं एवढंच उत्तर.

पंधरावा उंदीर पुसून पिंजऱ्यात ठेवला आणि डोळ्यांना आराम म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंत स्वच्छ होती. त्रिकोण नव्हता. मागे वळले. फुली नव्हती, गोल नव्हता, पट्टे नव्हते. उंदरांना जे पाण्यात पडताक्षणी कळलं होतं, ते मला दोन तासांनी दिसलं.

राग आला की पुण्यात शिकताना कमावलेली माझी भाषा गळून पडते. बाहेर येऊन मी ओरडले, "त्या खोलीतले कागद कोनं काढले?"

आमच्या विभागात बावीस वर्षं असलेले मामा व्हरांड्यात बादली पिळत होते. ते परिचर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत येऊन माझ्या उंदरांना दाणापाणी तेच करतात.

"म्या काढले, मॅडम. कोपऱ्यातून निघून राहिले होते, मळले होते. पूजेसाठी खोली साफ करा म्हनून सरायनं सांगतलं होतं."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. दीड वर्ष, नोकरी, अक्कल, सगळं निघालं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "ते उंदरायसाठी होते?"

"मंग कोनासाठी? सजावटीले?"

"मले तसंच वाटलं. काहून लावले हे तुमी कदी सांगतलंच नाई, मॅडम. टाकी भरा म्हनलं, भरली. पानी फेका म्हनलं, फेकलं."

तीन वर्षं हा माणूस माझी टाकी भरत होता. भाषणांमधून मी वेगवेगळ्या शहरांतल्या अनोळखी लोकांना हा प्रयोग चित्रं दाखवून समजावला होता. मामांना मी पाण्याचं तापमान सांगितलं होतं.

कागद कचऱ्यात गेले नव्हते. मामांनी ते नीट गुंडाळून कपाटावर ठेवले होते. आता प्रश्न आला नेमके कुठे लावायचे. मी वही उघडली. तापमान, वेळ, उंदरांची वजनं, सगळं होतं. कागद जमिनीपासून किती उंच आणि कोपऱ्यापासून किती दूर, हे मी लिहिलंच नव्हतं. रोज समोर दिसणारी गोष्ट काय लिहायची, असं वाटलं असणार. मामा स्टूल घेऊन आले. "त्रिकोन इथं होता, बटनाच्या बोर्डाच्या वर चार बोटं. फुलीचा खालचा कोपरा या खिळ्याले लागत होता." ते एकेक जागा दाखवत गेले आणि मी चिकटवत गेले.

राहिलेले नऊ उंदीर मी दुपारी सोडले. मामा दाराशी उभे होते. त्या नऊपैकी पाच चाकात पळालेले होते, आणि पाचही सरळ चौथऱ्याच्या मूळ जागी गेले. चौथरा नसलेल्या पाण्यात तिथल्या तिथे वळत राहिले, पुन्हा पुन्हा, मिनिट संपेपर्यंत. न पळालेल्या चौघांतला एकच गेला. तीन वर्षांत मी इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं. आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा बघितल्या. नऊवर कोणी निबंध छापणार नाही, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंधरांमध्येही दोन-चार बरे पोहलेत. ते यात धरायला हरकत नाही. कागदांचं कुठे लिहायलाच हवं असं नाही." खोली साफ करायला आपणच सांगितलं होतं, हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, कारण कागदांच्या जागा न लिहिलेली वही माझी होती. मी अहवालात पंधरांची परीक्षा बाद, खुणा जागेवर नव्हत्या, असं लिहिलं आणि खाली सही केली. मार्चमध्ये करार संपला तो संपलाच.

उंदरांचं मात्र दसऱ्याच्याच आठवड्यात आटोपायचं होतं. परीक्षेनंतर त्यांना मारून मेंदू तपासायचे, हे आधीच मंजूर झालेलं होतं. पिंजरे रिकामे झाल्यावर मामा ते धुवायला घेऊन चालले होते. मला एकदम वाटलं आता तरी सांगावं, म्हणून त्यांना बसवलं आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून सांगितला. चाक कशाला, दूध कशाला, दोन दिवसांची सुट्टी कशाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं,

"मंग त्या पंधरा जनायले याद होतं का नोतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. सरांनी नाही, मी स्वतः नाही.

"माहीत नाही, मामा," मी म्हटलं. "आता कळायचा रस्ता नाही."

मामा पिंजरे उचलून नळाकडे गेले.