पाच मिनिटं हात लावू नका

माझ्या साडूचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. कामावर पोचायचं आठला. मधला वेळ माझ्या मेहुणीच्या गुडघ्यांचा. ती पलंगाच्या कडेला बसायची, दोन्ही हात गादीवर रोवायची, आणि तिला उभं राहायला जितका वेळ लागेल तितका हा समोर नुसता उभा असायचा. हात द्यायचा नाही. हात दिला की ती घाई करते आणि घाई केली की कळ येते, हे त्याने पाहून ठेवलं होतं. मग पाणी भरणं, शेक देणं, तिच्या हाताशी लागेल ते सगळं ठेवणं. दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते. तारीख घ्यायची होती ती याच्या निवृत्तीनंतर, साठलेले पैसे हातात आले की. नोकरी सात महिने उरली होती.

तो घरोघरी एसी दुरुस्त करायचा. मी तीस वर्षं बॉयलरवर काढली. काम म्हणजे अंगातून पाणी निघालं पाहिजे, अशी माझी समज. त्यामुळे हा माणूस माझ्या लेखी कामगारच नव्हता. कंपनीत त्याला ‘थांबा’ म्हणायचे. सगळी तपासणी झाली की यंत्र चालू करून तो लोकांना म्हणायचा, “थांबा,” आणि हत्यारांच्या पेटीवर बसून राहायचा. कुणीतरी विनोद केला की हा बसथांबा आहे, इथे माणसं उभी राहतात आणि गाडी काही येत नाही. या विनोदावर मीही हसलोय. दोनदा हसलोय.

त्या उन्हाळ्यात त्याचा खांदा धरला होता. शिडी उचलायला म्हणून मी चार दिवस त्याच्याबरोबर हिंडलो, म्हणून हे मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी गाडीत बसतोय तोच सुपरवायझरचा फोन आला. आवाज नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराचा. “ऐका, त्या कोपऱ्यावरच्या दुमजली घरात जायचंय. थर्मोस्टॅट चालू होतो, पण एसी काही चालू होत नाही. दोन इंजिनिअर जाऊन आले. आणि काका, तुमच्यावर ‘बसून राहतात’ अशा दोन तक्रारी आहेत. तिसरी आली तर मी काही करू शकणार नाही. घरी बसावं लागेल.”

“बरं,” साडू म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि गाडी चालू केली. गुडघ्यांचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

घरात साहेब होते, त्यांची बायको होती आणि साहेबांची आई होती. तिघेही घामाने निथळत होते आणि तिघांच्याही कपाळावर आठ्या. संपूर्ण घराला एकच एसी, आणि त्याला हुकूम देणारी डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, बैठकीच्या भिंतीवर. डबी नवी कोरी होती. तिच्याभोवती भिंतीत चार भोकं होती, कारण पहिल्या इंजिनिअरने जुनी डबी काढून नवी बसवताना आधी चुकीच्या जागी ड्रिल मारलं होतं. दुसऱ्याने आतल्या तारा बदलल्या, आणि तरीही चालेना तेव्हा बाहेरचं अख्खं यंत्रच गेलं म्हणून सांगून मोकळा झाला. दोघेही वीस मिनिटांत आले आणि गेले. घाम मात्र दोघांनाही आला नसणार. कॉलर पांढरी ठेवून दुरुस्ती करणारी ही जात मी कारखान्यातही पाहिली आहे. नट पिळायच्या आधी ते हात पुसतात.

“तुम्ही तिसरे,” साहेब म्हणाले. “आता तुम्ही काय बदलणार?”

“आधी बघतो,” साडू म्हणाला.

त्याने बघितलं ते मी मोजलं. डबीच्या तारा. डबी गरमवर नाही ना, गारवरच आहे ना. मागितलेला आकडा खोलीच्या तापमानापेक्षा खाली आहे ना. फ्यूज. जाळी. पाणी साठतं ते तबक कोरडं आहे का. शिडी लावून वरही पाहिलं. सगळं ठीक. एकही गोष्ट त्याने अंदाजाने सोडली नाही, आणि एकही गोष्ट उगाच उघडली नाही. मग डबी चालू केली. पडद्यावर बर्फाचं छोटं फूल लुकलुकायला लागलं.

“थांबा,” साडू म्हणाला. “हे फूल लुकलुकतंय तोवर यंत्र दम घेतंय. बंद पडून लगेच चालू केलं तर बाहेरचा कंप्रेसर जळेल, म्हणून ते पाच मिनिटं सुरू होत नाही. फूल स्थिर झालं की सुरू होईल. तोवर कुणी हात लावू नका.” आणि पेटीवर बसला.

बसला म्हणजे बसला. मला लाज वाटली. निदान पक्कड तरी हातात धरावी माणसाने.

दुसऱ्या मिनिटाला साहेबांनी फोन काढला. फोनवरूनही डबी चालवता येत होती, आणि जे येतं ते केल्याशिवाय साहेबांना राहवत नसावं. बंद केली, चालू केली. “बघा, काही होत नाही.” पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

“साहेब, हात लावू नका म्हटलं होतं.”

“हात कुठे लावला? फोन लावला.”

आता बाईसाहेब उठल्या. “अहो, तुम्हाला कळत नाही, हे असं जोरात दाबावं लागतं.” त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. फूल गेलं. पुन्हा दाबलं, फूल आलं. पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्याचं चुकतंय हे सिद्ध करायला बाईने स्वतः तेच केलं होतं, पण अधिक जोर लावून.

साडूने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली. आणि पडदाच काळा झाला.

साहेब मोठ्याने हसले. “झालं. होतं तेही गेलं.”

साडू उठला. पहिल्यांदाच घाईने. जिन्याखाली विजेचं कपाट होतं, तिथे गेला. मी मागे. कपाटासमोर साहेबांच्या आई, म्हणजे आजी, उभ्या होत्या, हात एसीच्या मेन स्विचवर.

“आजी, काय करताय?”

“बंद केलं. चालत नाही तर वीज कशाला जाळायची? चालू झालं की लावते.”

“तुम्ही बंद करता म्हणून ते चालू होत नाही.”

“चालू होत नाही म्हणून तर मी बंद करते.”

साडूने मान डोलावली, जणू दोघांचंही बरोबर होतं. “केव्हापासून बंद करताय?”

“पहिला आला तेव्हापासून. कुणी बघायला आलं की लावते, चाललं नाही की बंद. तो म्हणाला बिघडलंय. बिघडलेलं चालू ठेवतात का?”

म्हणजे नवी डबी, नव्या तारा, भिंतीची भोकं आणि अख्खं यंत्र बदलण्याचा सल्ला, हे सगळं एका स्विचवर आणि तीन माणसांच्या बोटांवर उभं होतं. शिकलेल्या दोघांना जिन्याखाली डोकावायचं सुचलं नाही, कारण तिथे वाकावं लागतं.

साडूने मेन चालू केला. मग साहेबांकडे जाऊन हात पुढे केला. “फोन द्या.”

“कशाला?”

“पाच मिनिटांसाठी. तुमच्या आईंच्या मांडीवर ठेवतो, माझ्याकडे नको.”

आईचं नाव निघाल्यावर साहेबांना नाही म्हणता येईना. साडूने खुर्ची आणून डबीखाली ठेवली, आजींना बसवलं. “आजी, फोन तुमच्याकडे, डबीही तुमच्याकडे. पाच मिनिटं कुणाला हात लावू देऊ नका. तुम्हीसुद्धा लावू नका.”

“मी कशाला लावते?” आजी म्हणाल्या, आणि पदर खोचून बसल्या.

तिसऱ्या मिनिटाला बाईसाहेब डबीपाशी आल्या. आजींनी नुसतं वर पाहिलं. बाईसाहेब परत गेल्या. चौथ्या मिनिटाला साहेब म्हणाले, “आई, फोन दे. मी यांच्या सुपरवायझरलाच विचारतो, माणूस बसायला पाठवलाय का.”

मी साडूकडे पाहिलं. तिसरी तक्रार समोर उभी होती. तो पेटीवरून हलला नाही. फक्त त्याचा अंगठा गुडघ्यावर फिरत होता, मेहुणीला शेक देतो तसा.

“तो थांबा म्हणालाय ना?” आजी म्हणाल्या. “लहानपणी परीक्षेतसुद्धा तू पेपर अर्धा टाकून उठायचास. बस.”

फूल लुकलुकायचं थांबलं. बाहेर घरघर झाली, आणि आजींच्या डोक्यावरच्या झडपेतून गार वारा आला. गार वाऱ्यात माणसं आधी तोंड वर करतात, लाज नंतर येते. या घरात नंतरही आली नाही. साहेब म्हणाले, “मग तुम्ही केलंत काय?”

“काही नाही,” साडू म्हणाला. पावतीवर ‘केलेले काम’ असा रकाना असतो. त्यात त्याने लिहिलं, ‘थांबलो.’ मी म्हणालो, अरे, काहीतरी बरं लिही. तो म्हणाला, “साडूभाऊ, जे केलं तेच लिहिणार ना?”

साहेबांनी सही करायला नकार दिला. तेवढ्यात आजींच्या मांडीवरचा फोन वाजला. कंपनीतून विचारत होते, सेवा कशी वाटली. आजींनी तो उलटा कानाला लावला, मग सुलटा केला.

“दोन जण आले, त्यांनी भिंतीला भोकं पाडली,” त्या म्हणाल्या. “हा आला आणि बसला. घर गार झालं. यापुढे बसणाराच पाठवा.” मग साडूला म्हणाल्या, “आण तो कागद. घर माझ्या नावावर आहे.” आणि सही केली, अक्षर अक्षर सावकाश. साडू शेजारी उभा. त्याने घाई केली नाही.

ते बोलणं कंपनीत नोंदलं गेलं. सुपरवायझरने पुन्हा तक्रारीचं नाव काढलं नाही, फक्त साडूला म्हणाला, “काका, रकान्यात निदान दोन शब्द लिहीत जा.” त्यानंतर तो लिहू लागला, ‘नीट थांबलो.’

मी त्याला कामगार मानायला लागलो, पण त्याला तसं सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसायचा.

सात महिने पुरे झाले. तीस वर्षं परक्यांच्या घरात पेटीवर बसून मिळवलेल्या पगारातून मेहुणीचे दोन्ही गुडघे आले. आता संध्याकाळी दोघं फिरायला जातात. ती पुढे असते, चांगली पंचवीस पावलं पुढे, आणि हा मागून सांगत असतो, “अगं, थांब.” ती काही थांबत नाही.