खिंडीतली निलगिरी

आमच्या बेटावर माणसाची खरी मालमत्ता समुद्रात असते आणि ती कुणाला दिसत नाही. होडी उसनी मिळते, सापळे उसने मिळतात, चांगल्या घरात बायकोही बघून देतात. उसनी मिळत नाही ती खूण. खूण म्हणजे शेवंड, तो हातभर लांबीचा समुद्री झिंगा, सापडते ती तळावरची जागा. पाण्यावर काही रेघ मारता येत नाही, म्हणून जमिनीवरच्या दोन जोड्या धरायच्या. अमुक खडक तमुक कड्याआडून डोकावला आणि त्याच वेळी अमुक झाड तमुक खिंडीत आलं, की टाक सापळा. ज्याची खूण त्याची. ती बायकोला सांगत नाहीत. पाद्रीबाबांना पापं सांगतात, पण खूण सांगत नाहीत, कारण पाद्रीबाबांचा भाऊ शेवंडी धरतो.

अन्सेल्मो रेतामाल या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. मी त्याच्या होडीत जोडीदार होतो. खूण जवळ आली की तो म्हणायचा, "पाठ फिरव." मी जमिनीकडे पाठ करून आमिषाचे मासे चिरत बसायचो. दुसऱ्या कुणी डोळा तिरका केला असता. मला जात्याच मान वळवायचा कंटाळा, आणि याच एका गुणावर त्यानं मला ठेवलं होतं. होडीत जागा दाखवणारं यंत्र बसवायलाही तो तयार नव्हता. म्हणायचा, "यंत्राला सांगितलं की यंत्र दुरुस्त करणाऱ्याला कळलं."

त्याला मूलबाळ नव्हतं. एक थोरली बहीण होती, आणि तिचा नवरा इलारियो याच्याशी त्याचा अबोला होता. भाचीच्या बारशाच्या जेवणात इलारियोनं पातेल्यात डोकावून म्हटलं होतं, "मेव्हण्या, तुझ्या शेवंडी जरा लहानच." तेवढ्यावरून. ती भाची, नेलिदा, आता वाढून वनरक्षक झाली होती, तरी दोघं एकाच धक्क्यावर एकमेकांना ओलांडून जात, जणू मध्ये दोरखंड पडलाय.

एका हिवाळ्यात नेलिदा मामाकडे आली.

"मामा, खिंडीखालची ती मोठी निलगिरी काढायचं ठरलंय."

"का? तुझं काय खाल्लं तिनं?"

"तिचं बी खाली घळीत उतरतंय. आपली इथली लुमाची झाडं मरायला लागलीत, आणि आपला लाल हमिंगबर्ड घरटं करतो ते लुमावरच. तो आपल्या चिलीत दुसरीकडे नाही, जगात नाही. फक्त इथे."

"शेवंडही फक्त इथलीच आहे. तिचं कुणी एवढं कौतुक करत नाही."

"तिचं तुम्ही करता ना? मग पक्ष्याचं मला करू द्या."

अन्सेल्मोनं चहाचा कप खाली ठेवला. "त्या झाडाखाली माझी आजी येऊन बसते."

"पणजी जाऊन किती वर्षं झाली, मामा!"

"म्हणून तर. जिवंतपणी तिला डोंगर कुठे चढवत होता?"

नेलिदा हसली, मीही हसलो. ती निलगिरी त्याच्या खुणेतली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मागे ऐरण डोंगराची खिंड, पुढे ते झाड, ही त्याची एक जोडी. आजोबांनी धरलेली. झाड गेलं की जोडी फुटली, आणि जोडी फुटली की अन्सेल्मो भर समुद्रात रस्ता चुकलेला म्हातारा. झाड वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे खूण चव्हाट्यावर मांडणं.

गावाच्या सभेत तो उठला. टोपी हातात. समोर सगळे होडीवाले, पहिल्या रांगेत इलारियो.

"निलगिरीच्या वासानं माझी छाती मोकळी होते," तो म्हणाला.

"झाड डोंगरावर, तुम्ही पाण्यात!" मागून कुणीतरी ओरडलं. "नाक आहे का दुर्बीण?"

सभा खदखदून हसली. इलारियो तेवढा हसला नाही. तो सुरीनं नखं साफ करत होता.

कापायच्या आदल्या दिवशी नेलिदानं मामाला हात धरून वर नेलं. मीही गेलो, धापा टाकत. घळीत, पानांमुळे आम्ही ज्याला कोबीचं झाड म्हणतो त्याला, नारिंगी फुलं आली होती आणि एका फुलासमोर तो पक्षी हवेत टांगल्यासारखा उभा होता, विटकरी लाल, कपाळावर ठिणगी. अन्सेल्मो किती तरी वेळ बघत राहिला.

"एवढासा," तो म्हणाला. "शेवंडीच्या मिशीवर बसेल." मग वर झाडाकडे बघितलं. "कापा."

झाड पडलं तेव्हा त्यानं टोपी काढली. नेलिदाला वाटलं, पणजीसाठी.

हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी अन्सेल्मो सवयीनं म्हणाला, "पाठ फिरव." मी फिरवली. होडी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. त्याची दुसरी जोडी शाबूत होती, हेही मला नंतरच कळलं; पांढरा खडक कड्याआडून डोकावत होता, पण तो तसा डोकावतो ती रेघ चांगली मैलभर लांब. त्या रेघेवर नेमकं कुठे थांबायचं, हे सांगणारं वर कुणी उरलं नव्हतं. अंदाजानं सापळे टाकले. उचलले तेव्हा आत समुद्री काटेरी गोळे आणि एक रागावलेला ईल मासा. दुसऱ्या फेरीलाही तेच. त्यानंतर तो "पाठ फिरव" म्हणेनासा झाला. त्या न म्हणण्यानं मला जेवण जाईना, आणि मला जेवण न जाणं ही बेटावर बातमी असते.

मग एका सकाळी इलारियोची होडी आमच्या पुढून गेली. थोडं अंतर जाऊन थांबली. त्यानं इंजिन बंद केलं, फडक्यातून पाव आणि तळलेला मासा काढला, आणि जमिनीकडे पाठ करून, तोंड खुल्या समुद्राकडे करून, सावकाश खायला लागला. सापळा टाकला नाही, गळ टाकला नाही. पाव संपला, तरी तो तसाच बसून होता. शेवटी बोटं पुसली, इंजिन सुरू केलं, आणि आमच्या बाजूनं जाताना लाटांना उद्देशून मोठ्यानं म्हणाला,

"लघवीला थांबलो होतो!"

तो उभा राहिलेलासुद्धा आम्ही पाहिला नव्हता.

अन्सेल्मोनं होडी तिथे नेली आणि दोरीला वजन बांधून तळ चाचपला. वजन वर ओढत म्हणाला, "त्याला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"देव जाणे. झाड नसतानाही सापडली, म्हणजे त्यानं दुसरीच कुठली जोडी धरली असणार. आणि एक सापळा टाकला नाही रे त्यानं इथे. एकसुद्धा नाही." मग मला म्हणाला, "तोंड फिरव. जमिनीकडे. बघून ठेव." मी बघितलं. वर खिंड होती आणि तिच्यापुढे काही नव्हतं.

त्या सापळ्यांतली सगळ्यांत मोठी शेवंड त्यानं नेलिदाच्या हाती दिली. "तुझ्या बापाला दे. म्हणावं, आजीनं पाठवलीय."

ती तासाभरात परत आली. "बाबांनी सांगितलंय, जरा लहानच आहे."

"काय म्हणाला? पुन्हा सांग," अन्सेल्मो म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि खांदे हलत होते. हसत होता का, हे आम्ही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. शवपेटीच्या पुढच्या टोकाला इलारियोचा खांदा होता. खूण माझ्याकडे आली. निलगिरीच्या कापलेल्या बुंध्याजवळ नेलिदानं आमच्याच बेटावरचा चोंता ताड लावलाय. तो इतका हळू वाढतो की समुद्रावरून दिसेल तेव्हा आमच्यापैकी कुणी बघायला नसेल. होडीत जागा दाखवणारं यंत्र अजून नाही.

यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी मी पांढऱ्या खडकाच्या रेघेवर आलो, तर पुढे इलारियोची होडी उभी. जमिनीकडे पाठ, हातात पाव. मला पाहून त्यानं उरलेला तुकडा तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "लघवीला थांबलो होतो," आणि निघून गेला.