तीन नंबरची आयर्न आणि हरळीचा वाफा

नानांनी मला त्यांचा गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी पात्याच्या स्टिकांचा, संच दिला तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. नाना म्हणजे जळगावात आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे निवृत्त इंजिनिअर. नोकरीभर मोठ्या कारखान्यांच्या वसाहतींत राहिले आणि तिथल्या मैदानांवर गोल्फ खेळले. मलाही त्यांनीच शिकवलं, गच्चीवर क्रिकेटची जुनी जाळी बांधून. कॉलेजात मी भालाफेक करायचे, त्यामुळे खांद्यात जोर होता. नोकरी पाईपच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत; दिवसभर पाईपचे तुकडे ताणून, दाबून, फोडून बघायचे. एकच गोष्ट शंभरदा करायचा मला कंटाळा नव्हता. नानांना माझ्या खांद्यापेक्षा हे जास्त आवडलं असावं.

खेळायला आम्ही नाशिकला जायचो, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. एरवी सराव चोपड्याकडच्या आमच्या शेतात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या की पुढच्या लागवडीपर्यंत वावर मोकळं असायचं. दर रविवारी मी पिशवी घेऊन जायची आणि भाऊ बांधावर उभा राहून हसायचा. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, केळी आणि कपाशी करतो. माझ्या खेळाला तो ‘गोटीदांडू’ म्हणायचा.

नानांचे गुडघे पार गेले तेव्हा त्यांनी संच माझ्या दारात आणून ठेवला. आयर्नचा नंबर जितका लहान, तितकं तिचं पातं उभं, दांडा लांब आणि चेंडू दूर. तीन आणि चार नंबरच्या स्टिका नानांनी वेगळ्या कापडात गुंडाळल्या होत्या. लाँग आयर्न त्याच. पातं बारीक, चेंडू नेमका मधोमध लागला तर हाताला काही कळतसुद्धा नाही, आणि जरा चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या.

“या दोघी जमल्या की बाकीच्या आपोआप जमतात,” नाना म्हणाले. “लोक हल्ली यांना घाबरून हायब्रिड नावाची सोपी स्टिक घेतात. तू घेऊ नकोस.”

मी घेतली नाही. तीन वर्षं तीन नंबरवर घाम गाळला आणि ती जमवली. तिच्यावरून सुटलेला चेंडू खालून, सरळ, सणसणत जायचा. नाशिकच्या बायकांमध्ये ती वापरणारी मी एकटीच होते, आणि ते मला माहीत होतं.

मग स्कूटी घसरली. सर्व्हिस रोडवर बारीक खडी सांडलेली होती. डाव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण खांदा चार महिने बांधल्यासारखा झाला. व्यायाम करून करून तो मोकळा केला. डॉक्टर म्हणाले, आता सगळं करा. सगळं करता येत होतं. फक्त वेग गेला होता. तीन नंबरला वेग लागतो. तो नसला तर चेंडू वर उचललाच जात नाही. वावरात पहिल्याच रविवारी माझा चेंडू ढेकळांवरून घरंगळत गेला. दुसराही. चाळीस चेंडूंत जेमतेम तीन हवेत गेले.

मी हट्टाला पेटले. आणखी सहा रविवार तेच. शेवटी नाशिकला सोबत खेळणाऱ्या एका बाईंनी त्यांची जादा हायब्रिड माझ्या पिशवीत घातली. “महिनाभर वापरून तर बघ. नाहीच आवडली तर परत दे.”

हायब्रिड म्हणजे आयर्न आणि लाकडी डोक्याच्या जुन्या स्टिकांमधला प्रकार. डोकं गुबगुबीत, मागे वजन, तळ रुंद. चेंडू सहज वर जावा म्हणून केलेली. मी ती वावरात नेली आणि तिने माझी फजिती केली. उन्हाने काळी जमीन दगडासारखी झाली होती. रुंद तळ जमिनीवर आपटून उसळी घ्यायचा आणि पातं चेंडूच्या डोक्यावर बसायचं. चेंडू सशासारखा पळायचा.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. संध्याकाळी नानांना जाऊन सांगितलं. तेही खूश.

“बघ, सांगत नव्हतो?” ते म्हणाले. “गुबगुबीत स्टिका आळशी माणसांसाठी.”

पुढच्या महिन्यात नाशिकला मात्र माझा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात गेला. तीन नंबरने मारला. पात्याला गवत गुंडाळलं आणि चेंडू दहा पावलांवर पडला. पुन्हा गवतातच. त्या बाईंनी माझ्या पिशवीतून हायब्रिड काढून माझ्यासमोर धरली. मी रागानेच मारली. गवतातून ती साबणासारखी सरकली आणि चेंडू असा उंच गेला की अपघातानंतर माझा चेंडू मी तितक्या उंचीवर कधी पाहिलाच नव्हता. समोर झाड होतं. त्याच्या शेंड्यावरून पलीकडे.

परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटली. प्रयोगशाळेत आम्ही पाण्याचा पाईप पाण्याच्याच दाबाखाली तपासतो. मी हायब्रिड तपासली दगडासारख्या जमिनीवर, आणि निकाल हवा तसा आला म्हणून तपासणी तिथेच थांबवली. कामावर कोणी असं केलं असतं तर मी त्याला रिपोर्ट परत लिहायला लावला असता.

म्हणजे मला गवत हवं होतं. मऊ, दाट गवत, वावराच्या एका कोपऱ्यात. आणि आमच्या जमिनीत, आमच्या उन्हात, बैठकीच्या चटईसारखं दाट पसरणारं गवत एकच. हरळी.

भावाला सांगितलं तेव्हा तो केळीच्या बागेत ठिबकची नळी साफ करत होता. त्याने नळी खाली ठेवली.

“काय लावस म्हने तू?”

“हरळी. दोन खाटांएवढी जागा दे.”

“येडी शे का? लोके हरळी काढाले मजूर लावतस, आनी तू पैसा भरीसन लावस? बठ्ठं वावर खाई जाई ती!”

त्याचं खरं होतं. आमच्या वडिलांची निम्मी उमर हरळी खणण्यात गेली. एक कांडी राहिली की पुढच्या वर्षी हात पसरते. मी दोन रविवार गप्प बसले. तिसऱ्या रविवारी वाफ्याचं चित्र काढून नेलं. चारी बाजूंनी मांडीएवढा खोल चर, त्यात जाड प्लास्टिकचा उभा कागद, वर वीतभर बाहेर. बाहेर एक जरी कांडी दिसली तरी काढायची जबाबदारी माझी.

“मी सोता काढसू,” मी म्हटलं. “दर रविवारी.”

भावाने चित्र उलटसुलट फिरवून बघितलं. “चर कोन खंदी?”

“मीच.”

तीन रविवार खणला. डावा खांदा ठणकायचा. मी सगळा जोर उजव्या हातावर घेऊन कुदळ चालवायला शिकले. चौथ्या रविवारी गेले तर उरलेली बाजू खणून तयार होती. भाऊ म्हणाला, तुझी बाजू वाकडी जात होती, मला बघवेना.

कागद पुरला आणि पहिल्या पावसात आत हरळीच्या कांड्या लावल्या. पावसाळाभर वावरात कपाशी उभी होती, चेंडू मारायचा प्रश्नच नव्हता. मी वाफ्यात उकिडवी बसून विळ्याने गवत समान कापायची आणि कागदाबाहेर निघालेल्या कांड्या मुळासकट उपटायची. शेजारच्या शेतातल्या बाया थांबून बघायच्या. एकीने भावाला विचारलं, बहिणीने गाय घेतली का. भाऊ म्हणाला, “हो, अजून दूध देत नाही.”

माघात वावर मोकळं झालं. मग मी नीट तपासणी सुरू केली. वाफ्यातल्या गवतावरून दोन्ही स्टिकांनी वीस-वीस चेंडू, एक आड एक, म्हणजे थकवा दोघींच्या वाट्याला सारखा. पहिल्या दोन रविवारी हायब्रिडचे चेंडू डावीकडे वळून केळीत गेले. मी तिला झाडूसारखी फिरवत होते. आयर्नसारखं, चेंडूवर खाली उतरत मारलं तेव्हा ती सरळ झाली. त्यानंतर शंका राहिली नाही. तीन नंबरचा माझा चांगला फटका आणि हायब्रिडचा साधा फटका सारख्याच अंतरावर पडत होते, पण तीन नंबरचा तो चांगला फटका विसात चारदाच यायचा.

नानांना हे सांगायला मी दोन दिवस लावले. ऐकून ते म्हणाले, “मग माझी तीन आणि चार मला आणून दे.”

तो माणूस मला कधी असं बोलला नव्हता. पण मी उठले नाही.

“देणार नाही,” मी म्हटलं. “तुम्ही शेतात चला. डोळ्यांनी बघा, आणि मग मागा.”

ते आले. भावाने बांधावर खुर्ची टाकली. त्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला होता, अगदी समोरून. मी हायब्रिडने दहा मारले. सुरेख उंच गेले आणि वाऱ्याने सगळे वरच धरून ठेवले. गच्चीवरून सोडल्यासारखे खाली पडले. नानांनी बोटाने फक्त पिशवीकडे खूण केली. मी तीन नंबर काढली.

“ती नाही. चार.”

चार नंबरचं पातं थोडं आडवं असतं. तिला मी त्या महिन्यांत हातच लावला नव्हता. दहांपैकी सहा चेंडू वाऱ्याखालून गेले, हायब्रिडच्या पुढे.

“तीन नंबर तुझ्या हातातून गेली,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज सौम्य होता. “ती काढ पिशवीतून, तिथे ही गुबगुबीत ठेव. चार मात्र सोडायची नाही. वाऱ्यात तीच. आणि त्या दिवशी मी जे म्हणालो ते म्हणायला नको होतं.”

“मी विसरले नाना,” मी म्हटलं. विसरले नव्हते, पण राग गेला होता.

त्या एप्रिलात नाशिकला बायकांची स्पर्धा होती. महिनाभरासाठी घेतलेली त्या बाईंची हायब्रिड वर्षभराने परत करून मी तशीच माझी घेतली होती. सहाव्या होलला चेंडू रफमध्ये गेला. हायब्रिडने बाहेर काढला, थेट फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर. बाराव्याला दुपारचा वारा तोंडावर आला. सोबतच्या दोघींनी हायब्रिड काढल्या. मी चार नंबर काढली आणि चेंडू जाऊन बसला तो थेट ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतालच्या हिरवळीच्या, काठावर. सोळाव्यालाही तसाच वारा होता, पुन्हा चार काढली, आणि घाई केली. चेंडू सरळ पाण्यात. तिथे दोन फटके गेले.

मी चौथी आले. पडल्यानंतरचा माझा सगळ्यात चांगला स्कोअर. घरी आल्यावर नानांना एकेक होल सांगितला. सोळाव्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, चेंडू पायांपासून किती लांब होता. मी खुर्चीवरून उठून, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, उभी राहून दाखवलं.

“अर्धी वीत जवळ ये,” ते म्हणाले. “आता पुन्हा दाखव.”