आभाराचा नारळ

चहा घ्या, गार होईल. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात तर मी सांगायचा थांबेन. एका मास्तराचे आभार मानायला गेलो होतो. आभारच, दुसरं काही नाही. तरी काय करून ठेवलं ते ऐका.

माझी धाकटी बहीण स्वाती. हुशार. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि टेम्पो घेतला, तेव्हापासून आमचे चुलते, तात्या, चारचौघांत सांगतात की घरातली सगळी अक्कल पोरीच्या वाट्याला गेली. तात्या स्वतः नववी नापास.

स्वातीला बारावीनंतर बंगळुरूच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, तो ढवळे सरांच्या शिफारसपत्रावर. हेच सर मला बारावीत म्हणाले होते, "तुझ्याबद्दल मी काय लिहू? वर्गात होता, एवढंच लिहिता येईल." तेही खोटंच झालं असतं.

प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्तीशिवाय तिला तिकडं पाठवणं शक्य नव्हतं. आणि शिष्यवृत्तीला सरांचंच आणखी एक पत्र लागणार होतं. म्हणजे सर नाराज होऊन चालणार नव्हतं. कळलं ना? इथं सगळी मेख आहे.

स्वाती म्हणाली, मी पेढे घेऊन जाते, पाया पडते, बास. साधी गोष्ट. पण साधी गोष्ट आमच्या म्हाताऱ्यांच्या हाताला लागली की तिचा समारंभ होतो. तात्या म्हणाले, "पोरगी एकटी जाऊन आभार मानती व्हय? आपल्यात काय रीत हाय का न्हाई?"

मग शाल आली. नारळ आला. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, खण आला. आमचे वडील आप्पा, आई, तात्या, मामा, वर भावकीतले तीन-चार म्हातारे, सगळे कडक इस्त्रीत. मामाची जीप मी चालवणार, म्हणून मलाही नवा शर्ट. आणि जिच्यासाठी चाललो होतो ती स्वाती ओट्यावरच राहिली, कारण गाडीत तिला जागा उरली नाही!

इथपर्यंत दोष म्हाताऱ्यांचा. पण फोन मी केला होता. "सर, रविवारी घरी यायचंय. सोबत मोठी माणसं आहेत. फोनवर नको, समक्षच बोलू." सरांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "या." मला वाटलं, माझा नम्रपणा बघून गहिवरले.

काष्टीत सरांच्या घरी पोचलो तर बैठकीत नवी चादर, सरांचे मेहुणे खास बोलावलेले, आणि पोह्यांवर खोबरं. शिफारसपत्राला एवढा मान? असेल बुवा.

बोलणं सुरू झालं पावसावर. मग ऊस, मग कांदा. आमच्याकडं लगेच मुद्द्यावर येणाऱ्याला वळण नाही म्हणतात. मेहुण्यांनी जमिनीचं विचारलं, तर तात्या विहिरीला नसलेलं पाणी सांगायला लागले. मुलगा काय करतो, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "ट्रान्सपोर्टचा बिझनेस हाय त्याचा." एक टेम्पो. सकाळी ढकलल्याशिवाय चालू होत नाही.

मला वाटलं, शिष्यवृत्तीच्या पत्रात घरची परिस्थिती लिहायची असेल. मग खोटं कशाला? मी स्पष्ट सांगितलं, "सर, माझं शिक्षण अर्धवट राहिलंय आणि परत शिकायचा विचारही नाही." सरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

तेवढ्यात आतून सरांची मुलगी प्राजक्ता चहाचा ट्रे घेऊन आली. साडी नेसून. पहिला कप माझ्यापुढं. काकू हळूच म्हणाल्या, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या."

आता तुम्हीच सांगा. इस्त्रीच्या टोप्या, नारळ, खण, पोराच्या अंगात नवा शर्ट आणि 'समक्ष बोलू'. आपल्या नगर जिल्ह्यात याचा दुसरा काही अर्थ निघतो का?

मी आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी छताकडं. तात्यांना माझ्याआधीच उमगलं असावं, कारण ते कानाशी वाकून म्हणाले, "दीप्या, पोरगी चांगली हाय. गप ऱ्हा."

बघा ही म्हाताऱ्यांची जात! पुतणी गेली खड्ड्यात, सोयरीक सुटता कामा नये. आई तर खण मांडीवर घेऊन तयारच बसली होती. मी गप्प बसलो तर बोलणी पुढं जाणार, टेम्पोवाल्याला सर नाही म्हणणार, तात्या रुसणार, दोन घरांचं बोलणं बंद होणार, आणि स्वातीचं पत्र राहणार कायमचं.

मी कप खाली ठेवला. "सर, आम्ही स्वातीच्या पत्राचे आभार मानायला आलोय."

"फक्त आभार?"

"फक्त आभार."

"नक्की ना?"

"अजून एक पत्र पाहिजे होतं. तिच्या शिष्यवृत्तीसाठी."

काकूंनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. मेहुण्यांनी पोह्यांची दुसरी बशी ओढली. प्राजक्ता पदर खोचून आत पळाली आणि स्वयंपाकघरात जी हसत सुटली, ती आम्ही निघेपर्यंत.

"अरे, तुझा फोन आल्यापासून घरात कुणी धड जेवलं नाहीये," सर म्हणाले. लगेच उठून लेटरहेड काढलं. आम्हाला शिरापुरी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही, आणि बारावीत ज्या पाठीवर डस्टर मारलं होतं त्याच पाठीवरून हात फिरवला.

स्वातीला शिष्यवृत्ती मिळाली. सरांचं ते दुसरं पत्र पहिल्यापेक्षा दुप्पट लांब होतं आणि त्यात आमच्या सबंध घराण्याची स्तुती होती. तात्या अजून म्हणतात, गप ऱ्हायला असतास तर.

बहिणीच्या शिक्षणाला भावानं हातभार लावावा म्हणतात. मी लावलाय. सरांचा जावई न होऊन.