तिच्या आधी जेवायचं

मुलीने आईला न्यायला पहिल्यांदा बॅग आणली, तेव्हा मी तिला आत येऊ दिलं, पण बॅग बाहेरच्या खोलीत ठेवायला लावली. आत बायको पलंगावर होती. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही बंद झालं होतं. इस्पितळातून घरी आणून आठवडासुद्धा झाला नव्हता.

"अण्णा, आईला मी इलेक्ट्रॉनिक सिटीला माझ्या घरी नेते," मुलगी म्हणाली. "तुम्हाला साधा चहा येत नाही. तुम्ही तिला काय सांभाळणार?"

हे बोलणं मला अजून सलतं. फुटपाथवर चार पातेली मांडून मी धंदा सुरू केला आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान उभं केलं. होसकोटेला कारखान्यात माल घ्यायला गेलो की तिथला मालक मला बघूनच पंखा मोठा करायला सांगायचा. त्याच दुकानावर शिकलेली मुलगी मला घर चालवण्याच्या लायकीचा नाही म्हणत होती. मी आवाज चढवला, तिनेही चढवला. शेवटी घासाघीस करून मी तिच्याकडून महिन्याची मुदत मिळवली.

"महिन्यात आई नीट जेवायला लागली नाही, तर मी नेणार," ती म्हणाली. "तेव्हा भाव करायचा नाही."

"सरी, ठरलं," मी म्हटलं.

जे. पी. नगरात आमच्या समाजाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी घर चालवायचा वर्ग भरतो. नवी लग्न झालेली जोडपी येतात, निवृत्त माणसं येतात. कुकर लावण्यापासून अंथरुणातल्या माणसाची कूस बदलण्यापर्यंत सगळं शिकवतात. पुरुषांना वरण शिकवायला हॉल कशाला हवा, असं मीच पूर्वी चारचौघांत म्हणालो होतो. त्यामुळे दारात चपला काढताना मान वर करवेना. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात.

"या अण्णा," त्या म्हणाल्या. "कुकर विकून विकून कंटाळलात, म्हणून लावायला आलात?"

सगळे हसले. मी भडकलो, पण उठलो नाही.

मी शिकलो. भात पाणी वाढवून शिजवायचा, वरणात घोटायचा. उशा लावून रोग्याला ताठ बसवायचं, हनुवटी खाली ठेवायची, छोटा चमचा द्यायचा, गिळेपर्यंत थांबायचं. माझा भात चांगला व्हायला लागला. मी चव घेऊन बघत होतो, त्यामुळे ते मला माहीत आहे.

पण बायको जेवेना. दूध घ्यायची, दुपारी नाचणीची गंजी, म्हणजे पातळ पेज, घ्यायची. जेवणाचं ताट आणलं की ओठ मिटायची. मी गोंजारलं, रागावलो, चमचा आपटला. ती डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवायची. फोनवर मुलगी म्हणाली, "इस्पितळात नर्सच्या हातून जेवत होती. तुमच्या हातून जेवत नाही. कळत नाही तुम्हाला?" मला वाटलं, बायकोचा माझ्यावर जन्मभराचा राग असेल आणि तो आता बाहेर पडत असेल. दुकानात लक्ष लागेना.

पुढच्या रविवारी अक्कांनी मला सगळ्यांसमोर बसवलं. "घरी भरवता तसं करून दाखवा." एक तरुण मुलगा रोगी झाला. मी ताट वाढलं आणि चमचा पुढे केला.

"तुमचं ताट कुठे?"

"तिचं झालं की मी घेतो. तुम्हीच सांगितलंत, आधी रोगी."

"आजारपणाच्या आधी कसं होतं?"

"मी आधी. आमच्याकडे बायका मागून बसतात. ही तर मी हात धुऊन उठेपर्यंत अन्नाला हातही..."

मी पुढे केलेला चमचा खाली ठेवला. रोगी झालेला मुलगा हसला, पण समोर बसलेल्या त्याच्या बायकोकडे बघून गप्प झाला. अक्का पाण्याचा तांब्या आणायला गेल्या.

महिना भरला त्या दिवशी मुलगी बॅग घेऊन आली, तेव्हा मी पलंगाशेजारी स्टुलावर बसून जेवत होतो. बायको टक लावून माझ्या ताटाकडे बघत होती.

"आई उपाशी आणि तुम्ही जेवताय?" मुलगी ओरडली. "लाज वाटते का अण्णा?"

"स्वल्प थांब."

मी ताट संपवलं. हात धुतले. मग चमचा भरून पुढे केला. बायकोने तोंड उघडलं. एकदा, परत एकदा. तिची वाटी रिकामी झाली.

मुलगी खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे अजूनही तिला रोज थांबायलाच लावायचं?"

तिने बॅग उचलली आणि आईच्या कपाळाला हात लावून एकटीच गेली. माझ्याशी ती अजून धड बोलत नाही. तिचं ते चहाचं बोलणं मीही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बायकोशी सौदा सुरू केला. दोन्ही ताटं शेजारी मांडतो. एक घास मी घेतो आणि चमचा तिच्यापुढे धरतो. ती मान फिरवते. मी आणखी खातो, परत धरतो. इतक्या दिवसांत ती माझ्या अर्ध्या ताटावर आली आहे; माझं अर्धं संपलं की तोंड उघडते. त्याच्या खाली यायला तयार नाही. मी रोज त्याच्या एक घास आधी चमचा धरून बघतो.