वाघ जवळच आहे, हलू नका!

घ्या, चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागे हीच गोष्ट सांगताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता!

लोक रानात जातात, त्यांना वाघ दिसतो, मग ते घरोघरी सांगत फिरतात. मला वाघ दिसला नाही. शेपूटही नाही. तरी मी अर्धा तास पन्नास माणसांना वाघ दाखवला! तुम्हाला वाटतं, असा मूर्खपणा कोणालाही जमतो? अहो, त्याला अभ्यास लागतो. माझा होता.

तेव्हा मी कामठ्याच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. मी गोंदिया शहरात वाढलेलो. रान म्हणजे माझ्यासाठी रेल्वे लाइनच्या पलीकडची बाभळीची झुडपं. पण वाचनालयातून प्राण्यांची चार-पाच पुस्तकं आणली, आवाजांची एक कॅसेट मिळवली आणि महिनाभरात मी तज्ज्ञ झालो. महिनाभरात! काही लोक उगाच जन्म घालवतात.

शनिवारी शेवटचा तास मी 'रानाचा तास' करून टाकला. पोरं खूश. मी सांगायचो, "अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी सुर्रकन ओढतं." लगेच सगळा वर्ग सुर्रकन ओढायला लागायचा. मी सांगायचो, "वाघाचे पट्टे नुसते केसांवर नसतात, कातडीवरही असतात. केस काढले तरी पट्टे राहतात."

मागून प्रश्न, "सर, वाघाची हजामत केली कोनं जी?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

पण खरी रंगत आवाजांची. वाघ निघाला की चितळ कसं बारीक, टोकदार आवाजात "कूक!" करतं, वानर झाडावरून कसं "खॅक्-खॅक्" खाकरतं, सांबर कसं "ढाँक!" करून घंटा बडवल्यासारखं ओरडतं, हे मी कॅसेटवर ऐकवलं आणि स्वतः करूनही दाखवलं. मुख्याध्यापक दारात येऊन विचारून गेले, "सर, तब्येत बरी आहे ना?"

पोरांनी मात्र आठवड्यात मला मागे टाकलं. त्यातही चौथीतल्या दोघी, टुमेश्वरी आणि हेमलता. काय सांगू! टुमेश्वरी चितळ काढायची तर बाहेर बांधलेल्या बकऱ्या उठून उभ्या राहायच्या. हेमलता सांबरात एक नंबर. तिची आई शाळेत आली, "सर, भात वाढून राहिले तं पोरगी ढाँक म्हन्ते. मायी सासू घाबरून पाटावरून उठली. हे कायले शिकवून राहिले जी?"

"पर्यावरण," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग ठरली नागझिऱ्याच्या अभयारण्याची सहल. आणि आमच्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख बोपचे साहेब म्हणाले, "मीही येतो. तुमच्या त्या रानाच्या तासाबद्दल फार ऐकलं. पाहू तरी, पोरं शिकून राहिली का नुसती ओरडून राहिली."

आलं का लक्षात? सहल पोरांची, परीक्षा माझी.

धान कापून झालं होतं, थंडी चांगली पडली होती. पहाटेच निघालो. मिनीबसमध्ये मी उभं राहून सूचना दिल्या. सूचना द्यायला मला फार आवडतं, हा तुम्ही माझ्यातला दोष समजा. "रानात आरडाओरडा करायचा नाही! हाका मारायच्या नाहीत! काही अडचण आली तर चितळासारखा आवाज काढायचा. मी ओळखीन आणि धावत येईन. कळलं?"

"हाव सर!" सगळी पोरं ओरडली.

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि तिथेच मी विसरलो. पोरं विसरत नसतात, हे डी.एड.ला कोणी शिकवलं नाही.

सकाळभर फिरलो. चितळं दिसली, रानगवे दिसले, एका झाडाच्या ढोलीत पिंगळा दिसला. वाघ नाही. बोपचे साहेब खिडकीशी बसून दर दहा मिनिटांनी म्हणत, "काय सर, तुमच्या वाघाची आज किरकोळ रजा आहे वाटते?" मी हसायचो. आतून जळायचो.

दुपारी तलावाजवळच्या विश्रामगृहापाशी जेवायला थांबलो. तिथे उतरायची परवानगी होती. आमच्या शाळेतल्या मेश्राम बाईंनी डबे उघडायला लावले. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. मी पहिला घास उचलला, आणि मागच्या बांबूच्या बेटातून आवाज आला.

"कूक!"

माझा हात हवेतच थांबला.

"कूक! कूक!"

"चितळ!" मी कुजबुजलो. "साहेब, चितळाचा कॉल! वाघ आहे!"

साहेबांच्या हातातली वांग्याची फोड डाळीत पडली. "खरंच का?"

"शंभर टक्के. कोणी हलू नका! कोणी बोलू नका!"

आमची पोरं एरवी घंटा झाली तरी गप्प बसत नाहीत. पण त्या दिवशी? पुतळे! चावायचंसुद्धा थांबली. कोणाचे गाल भाताने फुगलेले, तसेच फुगलेले राहिले. आणि आवाज चालूच. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी साहेबांच्या कानाला लागून समालोचन सुरू केलं, "वाघ बांबूच्या डाव्या अंगाने येतोय. चितळ एका जागी उभं राहून त्याच्याकडे बघत असणार."

तेवढ्यात एक जीप आली. त्यात नागपूरकडचे कोणी पाहुणे, गळ्यात हातभर लांबीचा कॅमेरा. मी दोन्ही हात वर करून जीप थांबवली, इंजिन बंद करायला लावलं. "टायगर," मी म्हटलं. बस, तेही पुतळे. मागून दुसरी जीप. तीही बंद. मला तर ट्रॅफिक पोलिसासारखं वाटायला लागलं.

"खॅक्! खॅक्-खॅक्!"

"वानर!" मी मांडीवर थाप मारली. "साहेब, वानर आणि चितळ दोस्त असतात. वानर वरून पाला टाकतं, चितळ खाली खातं. आणि वाघ आला की दोघं एकमेकांना सावध करतात. बघा, दोघंही सांगतायत!"

साहेब पार भारावले. "मानलं सर तुम्हाला. पोरांना असंच शिकवलं पाहिजे."

देवा! वीस वर्षांच्या नोकरीत वरच्या माणसाने माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी थोडा वर झालो, मान ताठ केली. आणि त्याच वेळी,

"ढाँक! … ढाँक!"

"सांबर!" मी साहेबांचं मनगटच धरलं. "साहेब, चितळ चुकेल, वानर चुकेल, सांबर फुकट ओरडत नाही. वाघ अगदी जवळ आहे!"

"ढाँक! … ढाँक! … माय वोऽऽ!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा कोणता?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "हा… हा पिल्लाचा असावा."

हसू नका! तुम्ही त्या जागी असता तर तुम्हीही पिल्लाचाच म्हटला असता.

इतक्यात मेश्राम बाई वाकत वाकत माझ्याजवळ आल्या. "सर, मी पोरं मोजली. दोन कमी आहेत."

"कोण?"

"टुमेश्वरी आणि हेमलता. जेवायच्या आधी तिकडे मागे गेल्या होत्या." आणि त्यांनी बांबूच्या बेटाकडे बोट दाखवलं.

बेटाच्या मागे संडास होता. तिकडे माझ्या दोन पोरी होत्या. आणि तिकडेच वाघ होता, जो मी स्वतः, शंभर टक्के खात्रीने, तिथे उभा केला होता!

डोळ्यांसमोर हेमलताची आई उभी राहिली. तिला काय सांगणार, पर्यावरण? मी भाताच्या डब्यातला झारा उचलला आणि निघालो. साहेबांनी मागून शर्ट धरला, "वेडे झाले का! वाघ आहे तिथं!" शर्टाचं वरचं बटण तुटलं, मी सुटलो. झारा तलवारीसारखा धरून, तोंडाने काहीतरी स्तोत्र पुटपुटत मी धावत होतो. स्तोत्र कसलं, नंतर लक्षात आलं, मी सातचा पाढा म्हणत होतो.

समोरून वनरक्षक उईके भाऊ सायकलवर येत होते. निवांत.

"काऊन धावून राहिले जी? आणि झारा कायले?"

"वाघ! पोरी तिकडे आहेत! सांबर कॉल देतंय!"

उईके भाऊंनी सायकल थांबवली. एक पाय टेकवला. कान दिला.

"ढाँक! … ढाँक! … माय वोऽऽ!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोरांकडे पाहतो पाच पाचे तीस म्हटल्यावर.

"सर, सांबर कधी 'माय वो' म्हन्ते का जी?"

मी झारा खाली केला.

ते सायकल लावून सरळ संडासाकडे गेले. टिनाचं दार. "हे असंच अडकते. वर उचलून ढकला लागते," असं म्हणत त्यांनी दार जरा उचललं, आणि खडाड् करून ते उघडलं. आतून दोघी बाहेर आल्या. केसांत कोळ्यांची जाळी, डोळे लाल, घसे बसलेले.

मी दोघींना जवळ घेतलं. हातपाय पाहिले. धडधाकट होत्या. मला रडू येत होतं, म्हणून मी रागावलो. मास्तरांचं असंच असतं.

"अगं, ओरडायचं ना! दार वाजवायचं! हाक मारायची!"

टुमेश्वरी माझ्याहून जास्त रागावली होती. "तुमीच सांगतलं ना जी, रानात हाका मारायच्या नाई, चितळाचा आवाज काढायचा, मी धावत येतो? आमी चितळ काढला. तुमी आलेच नाई. मंग वानर काढला. मंग हेमीनं सांबर काढलं. आता आमच्यापाशी मोरच रायला होता!"

"मग ते 'माय वो' कशाला?"

हेमलता फाटक्या आवाजात म्हणाली, "वरती पाल होती, सर. पालीचा आवाज तुमी शिकवलाच नाई."

मागे वळून पाहतो तर सगळे आले होते. पोरं, मेश्राम बाई, दोन्ही जीपवाले. बोपचे साहेब हातात डाळीचा डबा घेऊन उभे. तो कॅमेरावाला धापा टाकत विचारतो, "भैया, टायगर किधर गया?"

उईके भाऊ म्हणाले, "दो थे साहब. दोनों अभी बाहर निकले. फोटो ले लो."

आणि त्याने घेतला हो! दोघी पदक मिळाल्यासारख्या उभ्या, आणि मध्ये मी, झाऱ्यासकट.

परतीच्या वाटेवर बसमध्ये काय झालं असेल ते सांगायला नको. बस खड्ड्यात गेली की मागून "ढाँक!" आणि सगळ्या बसमधून "माय वोऽऽ!" मेश्राम बाईसुद्धा सामील. बोपचे साहेब मात्र सगळी वाट खिडकीबाहेर पाहत होते. म्हटलं, आता नोटीस येणार. झालाच तर बदलीही होईल.

सोमवारी साहेब शाळेत आले. माझ्या वर्गात बसले, दोघींकडून तिन्ही आवाज परत करवून घेतले, दोघींची पाठ थोपटली आणि भेट पुस्तिकेत शेरा लिहून निघून गेले. मुख्याध्यापकांनी तो परिपाठाला सगळ्या शाळेसमोर मोठ्याने वाचला. मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे:

"इयत्ता चौथीच्या विद्यार्थिनी वन्य प्राण्यांचे आवाज हुबेहूब काढतात. वर्गशिक्षकांना ते ओळखता येत नाहीत. विद्यार्थिनींनी वर्गशिक्षकांचा सराव घ्यावा."