तांबे मॅडमची नजर

तांबे मॅडम गेल्याचं मला ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर कळलं. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि जेवायला बसलो. नीट जेवलोसुद्धा. त्याला आता सहा आठवडे झाले.

तुर्भ्याच्या आमच्या खासगी प्रयोगशाळेत पशुखाद्य तपासायला यायचं. पेंडीतली प्रथिनं यंत्र मोजतं, पण कुणी युरिया मिसळून तो आकडा फुगवला, तर यंत्र तोही मुकाट्याने छापतं. लबाडी दिसते ती सूक्ष्मदर्शकाखाली, तीही बघणारं माणूस असेल तर. मॅडम ते माणूस होत्या. चिमूटभर पेंड काचेच्या बशीत पसरून सुईने एकेक कण बाजूला करत बसायच्या... भुसा, वाळू, लाकडाचा चुरा. मी त्यांचा साहेब, पण हे काम मला त्यांनीच शिकवलं. "घाई नको साहेब. गाय काही तक्रार घेऊन येणार नाही," म्हणायच्या.

एकदा शेंगदाणा पेंडीत त्यांना एरंडाच्या टरफलाचे तुकडे दिसले. एरंड म्हणजे गुरांना विष. मी वाकून पाहिलं. चकचकीत, ठिपक्याठिपक्यांचे... एरंडच. पण माल आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा होता आणि ट्रक भरून उभे होते.

"शेंगदाण्याचं करपलेलं साल आहे हे," मी म्हणालो. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

"म्हातारी झालीस म्हणा की सरळ!" त्या हसल्या, आणि वहीतला शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

महिन्याभराने पनवेलकडचा एक तबेलेवाला आमचा रिपोर्ट फडकवत आला. त्याच्या तीन गाई मेल्या होत्या. "तुमीच पास केलाय ना हा माल? मग मेल्या कशानं?" मी पाण्यावर ढकललं, चाऱ्यावर ढकललं. तो गेल्यावर मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या.

"साहेब, ते एरंडच होतं ना?"

तेव्हा तरी बोलायचं... "नाही," मी म्हणालो.

त्यांनी ते मानलं. एरंड असतं तर गाई आमच्या सहीने मेल्या असत्या. त्यापेक्षा आपले डोळे अधू झालेत असं समजणं त्यांना सोपं गेलं असावं. पुढे प्रत्येक बशी त्या दोनदा बघायच्या आणि तरी कुणाला तरी हाक मारून दाखवायच्या. "मॅडम, वाळूच आहे, हिरे नाहीत!" लोक टर उडवायचे. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या सचोटीबद्दल बोललो.

परवा कामोठ्याला त्यांच्या घरी गेलो. न्हावा शेव्याच्या बंदरातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान तांदूळ निवडत होते.

"शोभा निवडायची आणि ताट माझ्यापुढे धरायची. 'बघा हो, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.' डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. तिला पटेना." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही बघता का जरा? तुमच्यावर फार विश्वास होता तिचा."

मी निवडायला लागलो. निवडता निवडता सगळं सांगितलं.

"म्हणजे तिला दिसत होतं," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं, आणि मी तपासून बाजूला केलेले तांदूळ पुन्हा दाणा दाणा करून बघायला लागले.